ख्रिस्ती विश्वास समजून घेताना: आधी देव, मग पाप, मग तारण

ख्रिस्ती विश्वासाची पहिल्यांदाच चौकशी करणारा माणूस बहुतेक वेळा नियमांपासून सुरुवात करतो. काय करायचं, काय टाळायचं, उपासनेला किती वेळा जायचं, बाप्तिस्मा (मंडळीत येण्याचा पाण्याचा विधी) कधी घ्यायचा? प्रश्न रास्त आहेत, पण सुरुवात तिथून केली की सगळं चित्र उलटं दिसायला लागतं. देवाने माणसासाठी काय केलं, हा या विश्वासाचा गाभा आहे. माणसाने काय करावं हे त्या मागोमाग येतं. हा क्रम ज्याला उमगला त्याला बाकीचं हळूहळू उलगडत जातं. ज्याला उमगला नाही तो वर्षानुवर्षं उपासनेला जाऊनही देवाला खूश ठेवण्याच्या धडपडीतच थकून जातो.

म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पापापासून सुरुवात केली तर देव नुसता चुका मोजणारा वाटतो. थेट तारणाकडे, म्हणजे सुटकेकडे, उडी मारली तर तारण कशापासून, हेच कळत नाही.

पायरी १: वाचायला काय घ्यायचं

बायबल म्हणजे अनेक शतकांत लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या (चर्चच्या) बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ऑर्थोडॉक्स परंपरेत आणखी काही. हा फरक जुन्या करारातला, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातला आहे. नव्या करारातली, म्हणजे येशूविषयीच्या भागातली, २७ पुस्तकं तिघांनाही मान्य आहेत, त्यामुळे हातात कोणतंही बायबल असलं तरी सुरुवातीला काही अडणार नाही.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा संकल्प मात्र करू नका. उत्पत्ति रंगतं, निर्गमाचा पहिला अर्धा भाग तर हातातून सोडवत नाही. पण पुढे निवासमंडपाची मोजमापं आणि लेवीय पुस्तकातले यज्ञबलींचे नियम सुरू झाले की भले भले तिथेच थांबतात. मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकापासून) सुरुवात करा. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यांत छोटं आहे, १६ अध्यायांचं, आणि एका बैठकीत वाचून होतं. पहिलं वाचन टिपा न पाहता करा. येशू कोणाशी कसा बोलतो, कोणावर रागावतो, कोणाला जवळ करतो, एवढंच बघत जा.

त्यानंतर हा क्रम घ्या: उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, स्तोत्र ५१, लूकचा १५वा अध्याय, योहानाचं शुभवर्तमान, आणि मग रोमकरांस पत्राचे ३ ते ८ हे अध्याय. जवळ एक वही ठेवा. वाचलेल्या भागातून देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं आणि कुठे अडलं, एवढं लिहा. अडलेल्या जागा खोडू नका, पुढे त्याच सगळ्यांत उपयोगी पडतात.

पायरी २: देव कोण आहे

देव एकच आहे, हे पहिलं विधान. इस्राएलाला अनुवाद नावाच्या पुस्तकात (६:४, म्हणजे अध्याय ६, वचन ४) सांगितलेली ही गोष्ट सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनेही तशीच उच्चारली (मार्क १२:२९). हा देव विश्वाचा निर्माता आहे, विश्वाचा भाग नाही. सूर्य, समुद्र, माणूस हे सगळं त्याने निर्माण केलं आणि ते चांगलं आहे असं म्हटलं. शरीर, श्रम, लग्न, निसर्ग यांना ख्रिस्ती विश्वास मुळात तुच्छ मानत नाही, ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायामुळे.

हा देव बोलतो, वचन देतो, दुखावतो, वाट बघतो. तो पवित्र आहे, म्हणजे दुष्टपणाशी त्याची कधीच तडजोड होत नाही. आणि तो प्रीती आहे, म्हणजे दुष्टपणा करणाऱ्यालाही तो टाकून देत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणं अवघड जातं. एक धरून दुसरी सोडली की एक तर भीतीचा धर्म तयार होतो, नाही तर काहीही चालवून घेणारा.

आता त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरीही देव एकच, हे ऐकून गोंधळायला होणं अगदी स्वाभाविक आहे. बरेच जण लगेच पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण देतात. माझं सांगणं आहे की हे उदाहरण वापरूच नका. त्यातून एकच देव वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं रूप घेतो असा अर्थ निघतो, आणि ती शिकवण मंडळीने सुरुवातीच्या शतकांतच नाकारली होती. त्यापेक्षा मार्क १:९-११ वाचा. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो, आत्मा त्याच्यावर कबुतरासारखा उतरतो आणि आकाशातून पित्याची वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस. तिघंही एकाच क्षणी तिथे आहेत, आणि एकमेकांशी प्रेमाच्या नात्याने बांधलेले आहेत.

हा सिद्धान्त कोणा तत्त्ववेत्त्याने बसून रचला असं समजू नका. एकाच देवाची प्रार्थना करत वाढलेले यहुदी लोक येशूच्या पुनरुत्थानानंतर (तो मरणातून पुन्हा उठल्यानंतर) त्याचीही आराधना करू लागले, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागले, आत्म्याचं सामर्थ्य अनुभवू लागले. मग प्रश्न उभा राहिला: येशू जर निर्मिलेला असेल तर त्याची आराधना मूर्तिपूजा ठरेल. चौथ्या शतकात अरियस नावाचा धर्मगुरू, पुत्र हा सगळ्यांत श्रेष्ठ असला तरी निर्मिलेलाच आहे, असं शिकवत होता. सन ३२५ मध्ये नाइसिया इथे भरलेल्या परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने मांडला. आज अनेक मंडळ्यांत उपासनेत म्हटला जाणारा नाइसियाचा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) या दोन परिषदांतून आला. तो मिळवून वाचा. ख्रिस्ती विश्वासाचा सांगाडा इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच सापडतो.

त्रैक्याचा आपल्या जगण्याशी संबंध काय? योहान १७:२४ मध्ये येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे काहीही निर्माण होण्याआधी देवाच्या ठायी प्रेम होतंच. एकटेपणा घालवायला किंवा सेवा करून घ्यायला त्याने माणूस घडवला नाही. त्याला आपली गरज नव्हती, आणि तरी आपण त्याला हवेसे वाटलो. कृपा या शब्दाचा अर्थ इथूनच सुरू होतो.

पायरी ३: पाप म्हणजे नेमकं काय

उत्पत्तीचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. साप सुरुवात एका प्रश्नाने करतो: देवाने खरंच असं सांगितलं का? फळ तोडण्याच्या कितीतरी आधी मनात संशय पेरला जातो की देव आपल्यापासून काहीतरी चांगलं लपवून ठेवतो आहे. मग हात पुढे जातो. मग लाज, मग झाडांमध्ये लपणं. आणि मग देवाचा पहिला प्रश्न: तू कोठे आहेस? आदामाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो की तू जी स्त्री मला दिलीस तिने मला फळ दिलं. एका वाक्यात त्याने बायकोवरही ढकललं आणि देवावरही. स्त्री सापाकडे बोट दाखवते. चूक कबूल करणारं कोणीच नाही.

पापाची व्याख्या या कथेत आहे. आधी देवावरचा भरवसा तुटतो आणि माणूस स्वतःला केंद्रस्थानी बसवतो. खोटं, लोभ, हिंसा, व्यभिचार हे त्यातून येतं. म्हणूनच मार्क ७:२०-२३ मध्ये येशू म्हणतो की माणसाला भ्रष्ट करणारं त्याच्या अंतःकरणातून बाहेर येतं. पाप चुकून घडलेलंच असतं असं नाही, आणि ते नेहमी उघड दिसतंच असंही नाही. करायला हवं होतं ते न करणं हेही पाप आहे. याकोबाच्या पत्रात (४:१७) ते स्पष्टच सांगितलं आहे.

सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस ७:१९ मध्ये लिहिलेली तक्रार कोणत्याही प्रामाणिक माणसाला ओळखीची वाटेल: जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, जे वाईट नको असतं तेच होतं. इच्छाशक्ती वाढवून हे सुटत नाही, असा ख्रिस्ती विश्वासाचा दावा आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या शिक्षकाने नेमकं उलट मांडलं होतं: माणूस ठरवलं तर स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियसची शिकवण फेटाळली. आदामाच्या पापाचा वारसा आपल्यापर्यंत कसा येतो यावर मात्र एकवाक्यता नाही. पश्चिमेकडच्या परंपरेत दोषाचा वारसा मानणारे बरेच आहेत. ऑर्थोडॉक्स मंडळी मरणाचा आणि बिघडलेल्या स्वभावाचा वारसा मानते, दोषाचा नाही. नवख्याने या वादात सुरुवातीलाच शिरू नये.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीपासून घट्ट धरून ठेवा. पहिली ही की पापाने माणसाची किंमत शून्य होत नाही. उत्पत्ति १:२७ नुसार माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि ते प्रतिरूप मळलं तरी पुसलं गेलेलं नाही. स्वतःचा तिटकारा करणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. दुसरी गोष्ट: कोणाच्या वाट्याला आलेलं दुःख बघून त्याच्या पापाचा हिशेब मांडायला बसू नका. जन्मतः आंधळ्या माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूचं उत्तर होतं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही (योहान ९:१-३). आजारी किंवा शोकात बुडालेल्या माणसाला धर्माच्या नावाने दोष देणारे लोक दिसतात तेव्हा मला हा उतारा त्यांच्यासमोर धरावासा वाटतो.

पापाचा शेवट मरणात होतो, असं पौल रोमकरांस ६:२३ मध्ये म्हणतो, आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात देवाच्या कृपादानाबद्दल बोलतो. पहिला अर्धा भाग ऐकवून थांबणाऱ्या उपदेशावर विसंबू नका.

पायरी ४: येशू कोण आणि वधस्तंभ कशासाठी

ख्रिस्ती विश्वासानुसार येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही. ४५१ मध्ये खाल्कदोन परिषदेने हे सूत्र स्पष्ट केलं. शुभवर्तमानांत त्याला भूक लागते, तो थकून नावेत झोपतो, मित्राच्या कबरेपाशी रडतो. आणि तोच पापांची क्षमा करतो, जी फक्त देव करू शकतो असं शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, म्हणत होते (मार्क २:५-७).

त्याचा मृत्यू इतिहासात घडला. सन २६ ते ३६ या काळात यहुदियाचा रोमन सुभेदार असलेल्या पंतय पिलाताने त्याला वधस्तंभाची शिक्षा दिली. ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना दिली जात असे. जास्तीत जास्त वेदना आणि जास्तीत जास्त बेअब्रू हा तिचा हेतू होता.

मग हा मृत्यू आपल्यासाठी कसा? नवा करार एकच उत्तर देत नाही. त्यात खंडणी भरून केलेली सुटका आहे, दुष्ट शक्तींवरचा विजय आहे, पापासाठीचा यज्ञ आहे, वैरी झालेल्यांचा समेट आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मशास्त्रज्ञ अँसेल्मने पापाने देवाच्या सन्मानाला लागलेल्या धक्क्याची भरपाई ख्रिस्ताने केली असं मांडलं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी आपल्याला लागू होणारी शिक्षा त्याने स्वतःवर घेतली यावर भर दिला. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मरणावरचा विजय केंद्रस्थानी ठेवला. माझ्या मते यांतलं एकच निवडायची घाई नको. यशयाचा ५३वा अध्याय आणि त्यामागोमाग मार्कचा १५वा वाचा, म्हणजे या सगळ्यांची मुळं दिसतील.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. रागावलेल्या पित्याने आपला राग निष्पाप पुत्रावर काढला, असं हे प्रकरण नाही. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण माझ्याकडून कोणी घेत नाही, मी तो आपणहून देतो. आणि २ करिंथकरांस ५:१९ नुसार देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा समेट घडवून आणत होता. पिता आणि पुत्र यांची इच्छा एकच होती. वधस्तंभावर जी किंमत मोजली गेली ती देवाने स्वतः मोजली.

आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. पौलाने सन ५५ च्या सुमारास करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पुनरुत्थित येशूला पाहणाऱ्यांची यादी दिली आहे (१५:३-८), आणि ही गोष्ट आपल्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली असं तो म्हणतो. पुढे तो हेही लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. इतक्या उघडपणे स्वतःचा सगळा विश्वास एका घटनेवर टांगून ठेवणारा माणूस मला विचार करायला लावतो. तुम्हीही या प्रश्नाला बगल देऊ नका.

पायरी ५: तारण कसं मिळतं

इथे लूक १५:११-३२ उघडून समोर ठेवा. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, दूर देशी जाऊन सगळं उधळतो, दुष्काळ पडतो आणि डुकरं राखायची वेळ येते. तिथे तो परत जाऊन काय बोलायचं ते ठरवतो. त्याच्या भाषणात तीन गोष्टी आहेत: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मोलकऱ्यांपैकी एक म्हणून ठेवा. शेवटची विनंती महत्त्वाची आहे. त्याला काम करून फेड करायची आहे.

तो दूर असतानाच बाप त्याला बघतो आणि धावत सुटतो. मुलाने तोंड उघडण्याआधीच मिठी पडते. मुलगा भाषण सुरू करतो, पहिल्या दोन गोष्टी बोलतो, आणि मोलकऱ्याची गोष्ट ओठांवर येण्याआधीच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि पायांत जोडे आणायला सांगतो. फेडीचा प्रस्ताव मांडलाच जात नाही. मुलाचं स्थान आधी परत मिळतं. त्या घरात मुलासारखं वागणं यापुढचं.

पण कथा तिथे संपत नाही, आणि थोरल्या भावाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा अर्धा धडा राहून जातो. तो शेतातून येतो, गाणं-नाचणं ऐकतो आणि आत यायला नकार देतो. मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतो आहे, असं तो बापाला सुनावतो. घरात राहूनही तो स्वतःला चाकरच समजत आला होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलंच नाही.

हेच इफिसकरांस २:८-१० मध्ये थेट शब्दांत आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे; ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही; आणि आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. आठवं आणि नववं वचन पाठ करून दहावं विसरणारे खूप असतात. दहावं वगळलं तर कृपा म्हणजे मनमानीची परवानगी वाटू लागते, आणि पहिली दोन वगळली तर सत्कर्मांचा हिशेब सुरू होतो.

नव्या करारात तारणाला तीन काळ आहेत. विश्वास ठेवणारा देवापुढे नीतिमान ठरवला गेला आहे. पवित्र आत्मा त्याला दिवसेंदिवस बदलतो आहे. आणि शेवटी देहाचं पुनरुत्थान व नवी सृष्टी यांत ते पूर्ण होणार आहे. तेव्हा तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाण्याची सोय, इतकंच समजू नका.

नीतिमान ठरवलं जाणं आणि सत्कर्मं यांचं नातं काय, यावर १५१७ नंतर पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने ‘फक्त विश्वासाने’ यावर जोर दिला, ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका मांडली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केलं. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एवढी सहमती नवख्याला पुरेशी आहे.

पायरी ६: प्रतिसाद द्यायचा तर

फिलिप्पै नगरातल्या तुरुंगाधिकाऱ्याने कैदेतल्या पौलाला आणि त्याच्या सोबत्याला विचारलं की तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर मिळालं: प्रभू येशूवर विश्वास ठेव (प्रेषितांची कृत्ये १६:३०-३१). येशूविषयीची माहिती खरी मानणं हा विश्वासाचा एक भाग झाला; त्याच्यावर स्वतःचा भार टाकणं हा दुसरा. पश्चात्ताप म्हणजे वळणं. रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप झाला नाही असं समजू नका, आणि रडून झालं पण वळलो नाही तर तो पश्चात्ताप नव्हे.

प्रार्थनेचे ठरावीक शब्द लागत नाहीत. लूक १८ मधला जकातदार दूर उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो की हे देवा, माझ्यासारख्या पाप्यावर दया कर. येशू म्हणतो की तो नीतिमान ठरून घरी गेला. सुरुवात करायची असेल तर त्याचेच शब्द घ्या, मग आपल्याला माहीत असलेलं एखादं पाप नावानिशी कबूल करा, आणि कोणाचं काही देणं असेल, कोणाची माफी मागायची असेल तर तिकडे पाऊल टाका.

बाप्तिस्म्याबाबत मंडळ्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन वगैरे मंडळ्यांत लहान मुलांचाही बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो देतात. प्रौढाला आधी शिक्षण दिलं जातं, ते पुरेसा वेळ देऊन घ्या. आणि कोणीही भीती घालून, आमिष दाखवून किंवा घाई करून तुमच्याकडून होकार काढत असेल तर तिथून निघा. अशा होकाराला नवा करार विश्वास म्हणत नाही.

पायरी ७: मंडळीत जाताना आणि शंका येतात तेव्हा

पहिल्यांदा उपासनेला जाताना मागच्या रांगेत बसलं तरी चालतं. इतर उभे राहिले की उभं राहा, गाणी येत नसतील तर ऐका. प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) वेळी पुढे जायलाच हवं असं नाही. अनेक मंडळ्यांत ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीच असतं, आणि बसून राहिल्याने कोणाचा अपमान होत नाही. उपासना संपल्यावर पाळकांना (मंडळीच्या धर्मसेवकांना) वहीतला एखादा प्रश्न विचारा.

कान मात्र उघडे ठेवा. अर्पण दिलं की आजार बरा होईल, पैसा दुप्पट होईल असं सांगणारा कृपेलाच बाजारात बसवतो. पुढारी म्हणेल तेच देवाचं म्हणणं, असा माहोल असेल तर तो धोक्याचा आहे. बिरुया नगरातले लोक खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्रलेखांशी ताडून बघत होते आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). तोच हक्क तुम्हालाही आहे.

शंका येतील. आजारी मुलाच्या बापाने येशूला सांगितलं की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४), आणि येशूने त्या अर्धवट विश्वासावरच मुलाला बरं केलं. शिष्य थोमाने तर येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय तो उठला यावर विश्वास ठेवणार नाही असं साफ सांगितलं होतं. आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता (योहान २०:२६). त्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं आणि तोही निघून गेला नव्हता. मंडळी निवडताना हेच बघा: तुमचा सगळ्यांत अवघड प्रश्न तिथे मोठ्याने विचारता येतो का, आणि विचारल्यानंतरही पुढच्या आठवड्यात तुमच्यासाठी जागा राखलेली असते का.